पाणी वाहण्यातला आनंद

गेल्या वर्षी मी मुलीकडे लेस्टरला होते. तिथल्या मराठी मंडळींच्या कोजागिरीला एका सद्गृहस्थांनी भटकंतीवर भाषण केले. गृहस्थ मोठे रसाळ बोलणारे. गेली तीस वर्षे ते मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून इंग्लंड-स्कॉटलंड पालथे घालीत आहेत. त्यांची तक्रार अशी की, हल्लीच्या तळांवर ‘पूर्ण सोयींची जागा’ म्हणून जो प्रकार निघाला आहे, त्याने भटकंतीचा प्राणच घेतला. प्रत्येक गाडीपाशी स्वतंत्र नळ, स्वतंत्र मोरी, विजेचा खांब, वर टेलिव्हिजनची तार! मग घरीच का बसू नये? पूर्वी कसे, सकाळी पिंप ढकलीत नळावर जावे, चार माणसांशी बोलावे, दवात पाय भिजवावेत, आणि घाम गाळून आणलेल्या पाण्याचा चहा प्यावा. आम्ही म्हणजे आजचे जिप्सी, असेही ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी वाजविल्या नाहीत. हातात दुधाचा पेला होता म्हणून, असे मुलीला वाटले. ते तसे नव्हते.

परक्या घरी पाहुणीने वाद घालू नये, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता आपल्या घरी बसले आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, त्या भाषणाच्या दोनच महिने आधी अशाच एका पूर्ण सोयींच्या जागेवर मी पाच रात्री काढल्या होत्या. आणि त्याच्या पुष्कळ आधी, कोकणातल्या एका घरी, विहिरीचे पाणी वाहिले होते.

नळ सोडला की झाले, अशी जी समजूत त्या भाषणावरून होते, ती पहिल्याने दूर केली पाहिजे. आमचा तळ डर्बीशायरच्या डोंगरांत होता. जागा म्हणजे खडी दाबून सपाट केलेला लांबट चौथरा, भोवती हिरवळ, आणि कोपऱ्यात आकडा घातलेली खुंटी. गाडीचा कोणता कोपरा खुंटीशी आणायचा ते ठरलेले. ही नुसती शिस्तीची हौस नव्हे. दोन गाड्यांमध्ये ६ मीटर अंतर राहावे, एकीला आग लागली तर दुसरीला धग पोचू नये, म्हणून ते आहे. आता गंमत अशी की, मागे जाताना कॅरॅव्हॅन डावीकडे वळवायची तर मोटारीचे चक्र आधी उजवीकडे फिरवावे लागते. सुशिक्षित नवराबायकोंचा संसार कितपत मुरला आहे, हे पाहायला एवढी एकच गोष्ट पुरे. मुलगी मागे उभी राहून हात हलवीत होती, जावई आरशात बघत होते, आणि दोघांची ‘डावी’ निराळी होती. शेजारपाजारची मंडळी खुर्च्या बाहेर टाकून हा खेळ पाहत बसली. इंग्रज माणूस दुसऱ्याच्या भांडणात डोकावत नाही म्हणतात. तळावर तो नियम सैल असावा.

मग पाणसळ. आपले गवंडी वापरतात तीच, फक्त लहान. आधी आडवी पातळी साधायची : जी बाजू खाली असेल तिच्या चाकापुढे उतरता ठोकळा ठेवून मोटारीने गाडी त्यावर चढवायची, ब्रेक ओढायचा, चाकाला पाचर लावायची. मग मोटार सोडवून पुढचे लहान चाक वरखाली करायचे, की लांबीची पातळी साधते. हा क्रम उलटा केला की सारे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चार कोपऱ्यांचे चार पाय उतरवायचे. ते गाडी उचलण्यासाठी नसतात, तिचे डुलणे थांबविण्यासाठी असतात. आमच्या पलीकडच्या नवशिक्याला हे ठाऊक नव्हते. त्याने पायांवरच गाडी उचलायला घेतली, तेव्हा तळाच्या व्यवस्थापकाला धावत यावे लागले. एवढी पातळी कशाला? तर पाणी मोरीकडे जावे, निजलेल्याचे डोके पायांपेक्षा खाली जाऊ नये, आणि फ्रीज चालावा. पुष्कळ कॅरॅव्हॅनमधला फ्रीज अमोनियाच्या द्रावणाला उष्णता देऊन थंडी निर्माण करतो. तो फार कलला की आतला द्रव नीट फिरत नाही, आणि सकाळी दूध नासलेले सापडते.

विजेची नारिंगी तार २५ मीटर लांब. गुंडाळी तशीच ठेवून वापरली तर ती तापते, प्रसंगी वितळते. म्हणून सगळी उलगडून गाडीखाली सोडायची. आधी गाडीत जोडायची, मग खांबात. निघताना याच्या उलट. आमचा खांब १६ अँपिअरचा होता. म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३,६०० वॉट. घरची ३,००० वॉटची किटली लावून वर हीटर लावला की खांबावरचा खटका पडतो. दिवे बॅटरीवर तगून राहतात, पण किटली आणि हीटर दोन्ही गार. आमचा खटका दुसऱ्याच संध्याकाळी पडला. “आई, चहा हवा की ऊब हवी, एक काय ते सांगा,” असे जावई म्हणाले. घरची सगळी चैन या खांबाने आणून दिली, असे सद्गृहस्थांचे म्हणणे. त्यांनी हा प्रश्न सोडवून दाखवावा.

आता तो नळ, ज्याच्यावर एवढा राग. त्याला रबरी नळी जोडायची, तीही बागेची नव्हे, पिण्याच्या पाण्यासाठी केलेली. बागेच्या नळीचा वास पाण्याला लागतो. जोडण्यापूर्वी नळ थोडा वाहू द्यायचा. नळाचा थेट दाब गाडीतल्या नाजूक नळ्यांना सोसेलच असे नाही, म्हणून नळीचे दुसरे टोक गाडीजवळ ठेवलेल्या ४० लिटरच्या पिंपाला जोडायचे. पिंपाला आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा बसविलेला. पिंप भरले की गोळा उचलला जाऊन पाणी थांबते, आणि गाडीतला पंप पिंपातले पाणी ओढून घेतो. म्हणजे पिंप गेले नाही. गेले ते ढकलणे. आतला गरम पाण्याचा नळ उघडला की आधी खोकतो, थुंकतो, मग धार धरतो. ती धार दिसेपर्यंत पाणी तापविण्याचे बटण दाबायचे नाही. दुसऱ्या बाजूने सांडपाण्याची नळी. तिला मोरीपर्यंत सलग उतार हवा. मध्ये कुठे पोट सुटले की पाणी तुंबते, आणि भांडी घासणाऱ्याच्या नाकाशी उष्ट्याचा वास येतो. या सगळ्याला आमचा दीड तास मोडला. जावयांच्या विजारीचे दोन्ही गुडघे खडीवर फाटले. ही आळशांची सोय!

पिंप ढकलण्यात मौज असते, हे मी नाकारीत नाही. पिंप भरले म्हणजे ४० किलो पाणी, पण ते आडवे करून लोळविता येते आणि दांडा धरून ओढता येते. आदल्या वर्षी एका साध्या तळावर माझ्या नातीकडे ते काम होते. पहिल्या दिवशी तिने आनंदाने दोन खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि चार माणसांच्या अंघोळी तशाच होत्या. त्या दिवशीच्या आनंदाविषयी ती बोलत नाही.

सद्गृहस्थांच्या भाषणातली वाक्ये मला आजही आठवतात. जावे, ढकलावे, आणावे, प्यावे. कर्ता कुठेच नाही. आपल्या भाषेत ही फार मोठी सोय आहे. कुणी केले ते न सांगता काम होऊन जाते. त्यांच्या सौभाग्यवती माझ्याच शेजारी बसल्या होत्या. टाळ्या चालू असताना त्या हळूच म्हणाल्या, “तीस वर्षं तो चहा मी केला. आणि पिंप मुलं आणायची.”

हे ऐकले आणि मला आमची विहीर आठवली. ती उताराच्या पायथ्याशी होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी अशी आई दिवसातून आठ-दहा खेपा करी. पुढे मीही करू लागले. मे महिन्यात मुंबईचे काका येत. ओसरीवर बसून फुलपात्रातले पाणी पीत आणि म्हणत, “वहिनी, या पाण्याची गोडी आमच्या नळाला नाही हो!” आई मान डोलावी. काही वर्षांनी घरात नळ आला, त्या दिवशी तिने नळाच्या तोटीला हळदकुंकू वाहिले. काकांना मात्र मनापासून वाईट वाटले. गावातली मौज गेली म्हणाले.

वाहण्यातला आनंद बहुधा असा ओसरीवरूनच दिसतो. इंग्लंडातली परंपराही काही निराळी नाही. हौसेच्या कॅरॅव्हॅनचा आद्य पुरुष म्हणून तिथे गॉर्डन स्टेबल्स याचे नाव घेतात. आरमारातून निवृत्त झालेला हा डॉक्टर. त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची सुमारे दोन टनांची गाडी बांधून घेतली, आणि १८८५ साली दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. मोकळ्या रस्त्याची गोडी त्याने पुस्तक लिहून लोकांना लावली. पण घोडे हाकायला गाडीवान बरोबर होता आणि चाकरीला खासगी नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई आणि रस्ता मोकळा आहे की नाही ते पाही. अशा माणसाला नळाची उणीव का भासावी? त्याचा नळ सायकलवर बसून पुढे जात होता.

आणि वाहण्याची एवढीच हौस असेल, तर एक वस्तू भाषणातून का गळली? कॅरॅव्हॅनच्या संडासाखाली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. पूर्ण सोयींच्या जागेवरही आमच्या तळावर ती त्या मोरीत ओतायला मनाई होती. दूर एका कोपऱ्यात तिची वेगळी जागा होती. जावई रोज सकाळी ती पेटी ओढीत नेत, रिकामी करून धुऊन आणीत. वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या पेटीवाल्याला ‘गुड मॉर्निंग’ करीत. दोघांच्याही चेहऱ्यावर लाज नसे. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवले. लाज त्यांच्या कामाची वाटली नाही, माझ्या आठवणीची वाटली. सासरी तालुक्याच्या गावी टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक बाई येई आणि सगळ्या आळीचा मैला डोक्यावरून नेई. ती आली की दारे लागत. तिचे नाव मला कधी कळले नाही. मी विचारले नाही. या कामाविरुद्ध आपल्याकडे १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा झाला. त्या वाहण्याची गोडी मात्र कुणा काकांनी कधी गायिली नाही. पाण्याची खेप गोड आणि मैल्याची खेप अबोल, हा भेद वजनाचा नव्हे.

राहता राहिले ‘आजचे जिप्सी’. हा शब्द तरी त्यांनी जपून वापरायचा होता. रोमानी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही ‘पानी’ म्हणतात, विस्तवाला ‘याग’, माणसाला ‘मानुष’. त्यांच्यासाठी तळ बांधण्याचे कर्तव्य इंग्लंडच्या स्थानिक संस्थांवर १९६८ च्या कायद्याने टाकले होते. ते १९९४ साली काढून घेण्यात आले. २०२२ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर गाडीत बिऱ्हाड केले आणि नुकसान किंवा त्रासाचे कारण दाखवून ‘निघा’ म्हटल्यावर निघाले नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० पौंडांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय गाडी, म्हणजे घरच, जप्त होऊ शकते. घालवून दिलेल्यांना परत यायला पूर्वी ३ महिन्यांची बंदी होती, ती १२ महिन्यांची केली. ही वाढ मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे तिथल्या उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले. ज्या सरकारने १८७१ साली आपल्याकडच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, आणि तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले, त्या सरकारच्या देशात हे वाचताना नवल वाटले नाही.

चाके तीच, पिंप तेच. एकाने पाच रात्रींचे पैसे आगाऊ भरले आहेत म्हणून त्याच्या दारात नळ, मोरी आणि खांब. दुसऱ्याला जाण्यासारखी जागाच नाही, तर नळ कुठला? सद्गृहस्थांनी भांडायचेच होते तर नळ जवळ आला म्हणून भांडायचे नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. खांबातून तार काढली, नळ बंद केला, नळ्या झटकून गुंडाळल्या. प्रवासात वजन नको म्हणून पिंपातले चांगले पाणी हिरवळीवर ओतून टाकले. तासाभराने रस्त्याकडेच्या गवतावर चार जुन्या कॅरॅव्हॅन उभ्या दिसल्या. बाहेर दोरीवर कपडे, दोन पोरे, एक कुत्रा. पुढच्या पेट्रोल पंपाकडून एक बाई चालत येत होती. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, खांदे खाली ओढलेले. आई उतार चढताना चाले तशीच, लहान लहान पावले टाकीत. “आजी, ती कुठून आणते गं पाणी?” नातीने विचारले. जावयांनी वेग थोडा कमी केला, पण मागे गाड्या लागल्या होत्या, आणि आमचे पिंप रिकामे होते.