पाना आणि डोके



ग्रूप ८ मधल्या मुलांना शाळेचा सल्ला मिळाला की आपल्याकडे फोनाफोनी सुरू होते. 'व्हीएमबीओ' म्हटले की चेहरे पडतात. "म्हणजे आमचा मुलगा मेकॅनिक होणार?" हा प्रश्न आम्ही हूफडॉर्पमध्ये बऱ्याच घरांत ऐकला, म्हणून हा विषय.

मेकॅनिकचे अवघड काम पाना फिरवणे नव्हे, बिघाड कुठे आहे ते हुडकणे. ते शिकवणे त्याहून अवघड, कारण खऱ्या यंत्रात हवा तो बिघाड हवा तेव्हा होत नाही. म्हणून संगणकावरचे यंत्र आले. विद्यार्थ्याने पडद्यावरच मीटर लावायचा, अंदाज बांधायचा, चुकला तर पुन्हा तपासायचे. यंत्र जळत नाही, कोणाला शॉक बसत नाही. १९८० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन लेसगोल्ड यांच्या गटाने अमेरिकन हवाई दलासाठी असा कार्यक्रम बनवला. नाव ठेवले 'शेरलॉक'! एफ-१५ विमानांचे सुटे भाग तपासणाऱ्या यंत्रावर काम करणारी मुले वीस-पंचवीस तासांच्या सरावाने सुमारे चार वर्षे अनुभवी तंत्रज्ञांच्या जवळपास पोचली, असे त्यांच्या चाचणीत दिसले.

आता इथली गोष्ट. सुस्टरबर्गच्या टीएनओ संस्थेतील स्खाफस्टाल आणि स्खरागन यांनी डच नौदलाचे तंत्रज्ञ पाहिले. थिअरी भरपूर, पण बिघाड समोर आला की गोंधळ. मग त्यांनी पद्धत शिकवली: काय चालते आणि काय चालत नाही ते आधी लिहा, शक्य कारणे मांडा, एकेक तपासा, मगच हात लावा. २००० साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार या मुलांनी जुन्या पद्धतीने शिकलेल्यांच्या जवळपास दुप्पट बिघाड सोडवले, तेही कमी वेळात. (हे बदलून बघू, ते बदलून बघू म्हणत बिल वाढवणारा मिस्त्री सर्वांना आठवत असेलच!)

आमचे मत स्पष्ट आहे. असा विचार करता येणे ही बुद्धीच आहे, आणि पदवीच्या कागदाने ती येतेच असे नाही. आपण गावाकडे आयटीआयला नाक मुरडले, तेच इथे करतो. स्किपोल उशाशी आहे आणि एमबीओ कॉलेज एअरपोर्ट तर आपल्या हूफडॉर्पमध्येच. सल्ल्यावर भांडायला शाळेत जाण्याआधी तिथल्या 'ओपन डाख'ला एकदा जाऊन या. मुलाला बरोबर न्या, आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.