पेन्शनर गिऱ्हाईक आणि नोकरीचा व्हिसा

मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रोडवर व्हिसाचे काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हे गिऱ्हाईक ओळखीचे आहे. निवृत्त इंजिनिअर किंवा बँक अधिकारी. निवृत्ती-व्हिसावर दुबईला नाहीतर थायलंडला गेलेला, वर्षभरात कंटाळलेला. तिथे कुणी सल्लागाराची नोकरी देऊ करते आणि आपला फोन वाजतो: "तेवढा वर्क व्हिसा करून टाका." आपल्यातले काही जण "होऊन जाईल, काका" म्हणून मोकळे होतात.

होत नाही. निवृत्ती-व्हिसा माणसाच्या स्वतःच्या पैशावर मिळतो: थायलंडमध्ये वय 50 आणि बँकेत 8 लाख बाथ किंवा महिना 65 हजार बाथ उत्पन्न, दुबईत वय 55. नोकरीचा व्हिसा मालकाच्या कुवतीवर मिळतो. थाई कंपनीला सर्वसाधारणपणे एका परदेशी माणसामागे 20 लाख बाथ भरणा भांडवल आणि 4 स्थानिक कर्मचारी दाखवावे लागतात. मित्राच्या दोन खोल्यांच्या कंपनीला ते झेपत नाही, मग काका परमिटआधीच टेबलावर बसतात. पकडले गेले तर 5 ते 50 हजार बाथ दंड आणि हद्दपारी. अमिरातीत 2024 च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला 1 ते 10 लाख दिरहम दंड आहे.

नोकरी सुटली की मुक्कामाचा हक्कही जातो, हे काकांना आधीच सांगा. पुन्हा निवृत्ती-व्हिसा हवा तर बँकेतल्या रकमेपासून सगळे नव्याने. दुबईत काकूंचा व्हिसा बहुधा काकांच्या व्हिसाला टांगलेला असतो. त्यांची सोय लावल्याशिवाय काकांचा रद्द करायला घेऊ नका.

आता आपल्याविषयी. पन्नाशी ओलांडलेल्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, म्हणून 1983 चा उत्प्रवासन कायदा आपल्याला लागू नाही, असा समज बाजारात पक्का आहे. ती सूट गिऱ्हाइकाला आहे. परदेशी मालकासाठी माणूस शोधून दिला की आपण रिक्रूटिंग एजंट ठरतो, आणि त्याला नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येतात. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारूच देत नाही. मग "वर्क व्हिसा पॅकेज" म्हणून लाखांचे आकडे कुठून येतात, हे ज्याचे त्याने तपासावे. शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातले विदेश भवन फार लांब नाही (घोडबंदरची वाहतूक सोडली तर).

कराच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. ठाण्यातल्या फ्लॅटचे भाडे, पेन्शन, व्याज मिळून भारतातले उत्पन्न 15 लाखांवर गेले आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तो करदाता नसला, तर भारतीय नागरिक इथला रहिवासी मानला जाऊ शकतो. हे काम सीएचे. काकांना त्याच्याकडे पाठवा आणि त्याची फी त्यालाच घेऊ द्या.