कोळ्याची भीती आणि जोडीदाराची सोबत

रात्री न्हाणीघराचा दिवा लावावा आणि भिंतीवर तळहाताएवढा कोळी निश्चल बसलेला दिसावा, हा अनुभव आपल्याकडील बहुतेक घरांना परिचित आहे. कुणी झाडू उचलतो, कुणी दुर्लक्ष करतो. काहींच्या मात्र छातीत धडधडू लागते, घाम फुटतो, पाय जागीच खिळतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारानंतरही ही भीती ओसरत नाही. ती दोघांच्या दिनक्रमात मुरून जाते.

ज्याची इतकी धास्ती वाटते तो तपकिरी, चपटा कोळी जाळे विणत नाही. दिवसा तो फटीत दडतो आणि रात्री झुरळांची शिकार करतो. छताच्या कोपऱ्यात लांब, बारीक पायांचा कोळी असतो, तर खिडकीपाशी उड्या मारणारा चिमुकला कोळी माश्या टिपतो. हे आपले नेहमीचे सोबती माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. दाबले गेले तरच क्वचित चावतात, आणि त्याची वेदना बहुधा थोड्या वेळात शमते.

परंतु ही माहिती सांगून भीती जात नाही. अशा भयगंडाचा उगम बहुधा बालपणात असतो आणि आपली भीती अवाजवी आहे हे त्या व्यक्तीला पुरते ठाऊक असते. म्हणूनच ‘एवढ्याशा किड्याला काय भ्यायचे?’ या वाक्याने भय कमी होत नाही, लाज तेवढी वाढते. पुरुष तर ही गोष्ट अनेकदा आयुष्यभर लपवतात.

चेष्टा टाळणारे प्रेमळ जोडीदार बहुधा दुसऱ्या टोकाला जातात. रोज अंथरूण झटकून देणे, न्हाणीघर आधी पाहून येणे, हाक येताच धावणे, हे सारे मायेपोटी घडते. मात्र पळ काढल्यावर किंवा दुसऱ्याने सुटका केल्यावर जो दिलासा मिळतो, तोच भीतीला खतपाणी घालतो. ‘मी निभावून नेऊ शकते’ किंवा ‘शकतो’ हे मनाला कधी कळतच नाही. शिवाय उतारवयात धावून येणाऱ्याचेही गुडघे थकलेले असतात. कोळी हुसकावण्यासाठी स्टुलावर चढलेल्या सत्तरीच्या माणसाला खरा धोका खुब्याच्या हाडाचा असतो. ‘अहो, तुम्ही नसताना मी काय करू?’ हा प्रश्न थट्टेत विचारला जात असला, तरी तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. एखाद्याला रुग्णालयात राहावे लागते, आणि कधीतरी दोघांपैकी एकाला एकटे राहावे लागते. त्या दिवसाची तयारी करून देणे हीसुद्धा सेवाच होय.

ही तयारी पायरीपायरीने करावी. प्रथम कोळ्याविषयी नुसते बोलावे. मग रेखाचित्र, त्यानंतर छायाचित्र पाहावे. पुढे झाकण घट्ट लावलेल्या बरणीतला कोळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि दिवसागणिक अंतर कमी करावे. शेवटी जोडीदार कोळ्यावर पेला पालथा घालून खाली जाड कागद सरकवतो आणि त्याला बाहेर सोडतो, हे जवळून पाहावे. जमल्यास स्वतः करावे. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबावे. वेग भिणाऱ्याने ठरवावा. जोडीदाराने जवळ बसावे, घाई करू नये आणि गमतीनेही अचानक कोळी समोर आणू नये. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये याच तत्त्वावर जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीची उपचारपद्धती मांडली होती. जुनी भीतीही हटू शकते, हे त्यातून ध्यानात यावे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास मात्र हा सराव डॉक्टरांना विचारूनच करावा. भीतीवर उपाय म्हणून झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; वृद्धापकाळी त्यांनी तोल जाऊन पडण्याचा संभव वाढतो.

घरातही थोडे बदल करावेत. जळमटे लांब दांड्याच्या झाडूने, जमिनीवर उभे राहूनच काढावीत. मोरीला जाळी बसवावी आणि झुरळे कमी करावीत. भक्ष्य घटले की शिकारीही घटतात. न्हाणीघरात हाताशी आधाराचा दांडा आणि वाटेवर रात्रीचा मंद दिवा असावा. रात्री आतून कडी लावू नये. कोळी दिसला तर ओल्या फरशीवर धावू नये. दांडा धरून सावकाश मागे यावे आणि दार ओढून घ्यावे. बंद न्हाणीघरात कीटकनाशक फवारू नये; दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो आणि फरशीही निसरडी होते.

एक गोष्ट मात्र निराळी ओळखावी. आयुष्यभर कोळ्याला न भ्यायलेली व्यक्ती उतारवयात अचानक ‘भिंतीवर कोळी फिरताहेत’ असे म्हणू लागली आणि तिथे काहीच नसेल, तर तिच्याशी वाद घालू नये. डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जळमटांसारखे धागे तरंगू लागले, प्रकाश चमकू लागला किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दृष्टिपटल सुटत असण्याची शक्यता असते. नसलेले जीव दिसू लागण्यामागे जंतुसंसर्ग, नव्या औषधाचा परिणाम, क्षीण झालेली दृष्टी किंवा स्मृतिभ्रंशाचा एखादा प्रकार असू शकतो. अशा वेळी धीर द्यावा आणि डॉक्टरांना सविस्तर सांगावे.

भीतीपायी जेवण, झोप किंवा स्नान टळू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नसावा. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पहिला फोन हवा तर दोघांनी मिळून करावा. पुढचे बोलणे मात्र ज्याची भीती त्यालाच करू द्यावे.