वेग आणि घाई

मनुष्याला वेगाची ओढ प्राचीन काळापासून आहे. पायी चालणारा माणूस घोड्यावर बसला, घोड्यावरून आगगाडीत आला. तरीही त्याचे समाधान झाले नाही. ही ओढ नसती तर मानवाची प्रगती खुंटली असती, यात शंका नाही. परंतु वेग आणि घाई या दोन गोष्टी एकच आहेत असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. चीन देशातील एका लोहमार्गाची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

यांगत्से नदीच्या काठी वसलेले वूहान ही हूबे प्रांताची राजधानी, तर दक्षिण समुद्रानजीकचे ग्वांगझू ही ग्वांगडाँग प्रांताची राजधानी होय. या दोहोंच्या मध्ये हूनान प्रांत आणि नानलिंग पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. या भागातून जाणारा जुना लोहमार्ग १९३६ साली पूर्ण झाला. पुढे दोनच वर्षांनी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासह ग्वांगझूला, म्हणजे त्या वेळच्या कँटनला, उतरले आणि तेथून वूहानमधील हांकौ येथे जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले. त्यामुळे ही दोन नगरे मराठी मनाला अगदीच परकी नाहीत.

याच दोन नगरांमध्ये २६ डिसेंबर २००९ रोजी अतिवेगवान गाड्यांचा नवा मार्ग सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ९६८ किलोमीटर आहे. जुन्या मार्गाने जेथे साडेदहा तास लागत, तेथे आता सुमारे तीन तास पुरू लागले. आरंभी या गाड्या ताशी ३५० किलोमीटर वेगाने धावत असत.

हा वेग केवळ बलवान इंजिनामुळे साधला नाही. भरधाव गाडीला आखूड वळण मानवत नाही. म्हणून मार्ग शक्य तितका सरळ आखावा लागतो. वाटेत डोंगर आला तर त्याला वळसा घालता येत नाही, तो पोखरावा लागतो. दरी आली तर तीवर पूल उभारावा लागतो. या मार्गाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पुलांवरून आणि बोगद्यांतून जातो. रूळ किंचितही हलू नयेत म्हणून खडीऐवजी त्यांच्याखाली काँक्रीटची भक्कम बैठक घातली आहे. २००५ साली आरंभिलेले हे काम पुरे होण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला. प्रवाशाचे जे सात तास वाचले, त्यांच्या मागे हजारो हातांचे हे संथ, चिकाटीचे श्रम उभे आहेत.

असे असले तरी या वेगाचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. ग्वांगडाँगमधील कारखान्यांत हूनान आणि हूबे येथून आलेले असंख्य मजूर काम करतात. वर्षातून एकदा, नववर्षाच्या सणाला, ते आपल्या घरी जातात. नव्या गाडीचे द्वितीय वर्गाचे भाडे प्रारंभी ४९० युआन होते. साध्या गाडीतील बैठकीच्या भाड्याच्या ते तिपटीहूनही अधिक होते. ज्याच्या घामावर नगरांचे वैभव उभे राहते, त्याला ती गाडी दुरूनच पाहावी लागली तर त्या वेगाचे मोल निश्चितच उणावते. म्हणून नव्या मार्गाबरोबर जुनी, स्वस्त गाडीही चालू राहणे अगत्याचे आहे.

याहूनही गंभीर धडा २३ जुलै २०११ रोजी मिळाला, तो मात्र दुसऱ्या एका मार्गावर. पूर्व चीनमधील वेन्झो शहराजवळ विजेच्या आघाताने सिग्नल यंत्रणा बिघडली. पुढे एक गाडी रुळावर असतानाही यंत्रणेने मार्ग मोकळा असल्याची खूण दाखविली, आणि मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली. ४० माणसे प्राणास मुकली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, आदळणाऱ्या गाडीचा वेग त्या क्षणी ताशी सुमारे १०० किलोमीटरच होता. पुढे चौकशीत यंत्रणेच्या रचनेतील दोष आणि तिला मान्यता देताना झालेली हयगय उघडकीस आली. तेव्हा ती माणसे गाडीच्या वेगाने दगावली असे म्हणता येत नाही. पुरती पारख न करता यंत्र कामास लावणाऱ्यांची घाई त्यांना भोवली. त्याच वर्षी ताशी ३५० किलोमीटरचा वेग ३०० वर आणण्यात आला. बीजिंग-शांघाय मार्गावर तो वाढविण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

आज मुंबई आणि अहमदाबाद यांच्या दरम्यानही ५०८ किलोमीटरचा असाच मार्ग उभा राहत आहे. तो लवकर पुरा व्हावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक पूल, प्रत्येक खूण आणि प्रत्येक यंत्र यांची कसून परीक्षा होण्यास जो वेळ लागेल, तो वाया गेला असे कोणी मानू नये. वेग हे धीराचे फळ आहे आणि घाई ही धीराची वैरीण आहे. जे राष्ट्र हा भेद ओळखते, तेच आपल्या प्रवाशांना इच्छित स्थळी लवकर आणि सुखरूप पोहोचविते.