ओठांना मुंग्या येतात तेव्हा

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची काही महिन्यांपूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाली. थायरॉइडच्या गाठीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या, म्हणून पूर्ण ग्रंथीच काढावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, दुसऱ्या दिवशी ताईला घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावताना तिला ओठ बधिर झाल्यासारखे वाटले. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, ''अगं, भूल दिली होती ना, अशक्तपणा आहे तो. तुपातला शिरा करते, खाऊन पडून राहा.'' ताईलाही ते पटलं. रात्री मात्र हाताची बोटं आपोआप आखडून एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्याकडे वळला आणि काही केल्या सरळ होईना. घरच्यांना वाटलं, अर्धांगवायूचा झटका आला! तिला तातडीने रुग्णालयात नेलं. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते ६.८ निघालं. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर हात मोकळा झाला.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर टाक्यांची काळजी आणि पुन्हा दाखवायची तारीख होती. मुंग्यांबद्दल एक ओळही नव्हती. ''तुमच्या साप्ताहिकात आरोग्याचं पान असतं ना, मग हे लिही,'' असं ताई मला फोनवर म्हणाली.

चार इवल्याशा ग्रंथी

थायरॉइडच्या मागच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. नाव सारखं असलं तरी काम अगदी वेगळं. रक्तातलं कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवणं हे त्यांचं काम. गंमत म्हणजे या ग्रंथी प्रथम लक्षात आल्या त्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा १८४९ मध्ये मेला आणि त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या दिसल्या. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. त्याआधी थायरॉइड काढलेल्या रुग्णांना झटके का येतात, हे शल्यविशारदांना उमगत नसे.

शस्त्रक्रियेत या ग्रंथी जपण्याचा कसोशीने प्रयत्न केला जातो. तरी हाताळणीमुळे त्यांचा रक्तपुरवठा काही काळ मंदावतो आणि त्या जणू रुसून बसतात. त्यामुळे कॅल्शियम उतरतं, तेही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं रुग्ण घरी आल्यावर. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. थोड्या रुग्णांना मात्र कायमच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

रक्तातलं कॅल्शियम सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असतं. रिपोर्ट वाचताना सोबत अल्ब्युमिनचा आकडाही पाहावा लागतो, कारण बरंचसं कॅल्शियम या प्रथिनाला चिकटून असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणून शंका आल्यास डॉक्टर 'आयोनाइज्ड कॅल्शियम' करायला सांगतात. पॅराथायरॉइडचा हार्मोन पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच तो तपासला तर पुढे कॅल्शियम उतरेल का, याचा बराच अंदाज बांधता येतो. ही तपासणी झाली का, हे घरी निघण्यापूर्वी जरूर विचारा.

ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, पोटऱ्यांत गोळे आले तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा. हात आखडला किंवा झटका आला तर थेट रुग्णालय गाठा. आणखी एक, मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व कार्यक्षम व्हायला पीटीएच लागतो. तो नसताना नेहमीची ड जीवनसत्त्वाची पुडी पुरत नाही, म्हणून 'कॅल्सिट्रिऑल' दिलं जातं. घरात आधीच ड जीवनसत्त्व आहे म्हणून ही गोळी वगळू नका.

पहिल्या चोवीस तासांत गळा झपाट्याने सुजला, श्वास अडकू लागला तर ती आणीबाणी समजावी. आत रक्तस्राव झालेला असू शकतो. आवाज घोगरा होणं त्यामानाने सौम्य. स्वरयंत्राची नस दुखावल्याने तसं होतं आणि पुष्कळदा काही आठवड्यांत ते सुधारतं. पण पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल तर सांगायलाच हवं.

घाई नको, तीही चूकच

कॅल्शियमच्या बाबतीत तासांचा हिशेब, तर टीएसएचच्या बाबतीत आठवड्यांचा. थायरॉइड गेल्यावर तिचा हार्मोन गोळीतून, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनमधून घ्यावा लागतो. तो कमी पडला की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, जास्त झाला की घटवते. रक्तातला हा हार्मोन निम्मा व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळीचं प्रमाण बदलल्यावर साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच तपासतात. आठवड्याभरात तपासून घाबरून जाण्यात अर्थ नसतो.

इथे एक फसगत होते. ताईच्या रिपोर्टमध्ये टीएसएचपुढे 'कमी' अशी खूण होती. भावोजींनी लगेच गोळी अर्धी करायचं ठरवलं! वास्तविक कर्करोगानंतर काही रुग्णांचा टीएसएच डॉक्टर मुद्दामच खाली ठेवतात, कारण तो उरल्यासुरल्या थायरॉइड पेशींना चेतवतो. तुमचा टीएसएच किती असायला हवा, तो आकडा डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. छापील 'नॉर्मल' सगळ्यांना लागू नसतो. आणि दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा गोळीची गरज वाढते.

गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहासाठी निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर घ्याव्यात, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारून दोन दिवस बंद ठेवा. त्यामुळे आकडे खोटे येतात.

तिसरी तपासणी थायरोग्लोब्युलिनची. हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. पूर्ण ग्रंथी काढून किरणोत्सारी आयोडीन दिल्यानंतर ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. पुढे ते चढू लागलं तर पेशी कुठेतरी उरल्या आहेत का, हे शोधावं लागतं. मात्र त्याबरोबर 'अँटिबॉडी'चीही तपासणी करावीच लागते, कारण त्या असतील तर थायरोग्लोब्युलिन फसवं कमी दिसू शकतं. एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासून चढउतार पाहावा. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर या आकड्याचा असा अर्थ लावता येत नाही. मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगात तर कॅल्सिटोनिन ही वेगळीच तपासणी लागते.

ताईचं कॅल्शियम तीन महिन्यांनी स्थिरावलं आणि डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. थायरॉइडची गोळी मात्र रोज पहाटे साडेपाचला असते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवली आहे, तारीख आणि आकडे त्या स्वतःच्या हाताने लिहितात. परवा त्यांच्या शेजारणीची हीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा बघायला जाताना त्या वही सोबत घेऊन गेल्या.