आडात टीसीएल टाकलं, पण घाण कुठून आली ते बघितलं का?

पाऊस लागला की भोकरात दरवर्षी एकच प्रश्न कानावर येतो. "आडाच्या पाण्याला वास यायलाय, काय टाकू?" कुणी तुरटी सांगतं, कुणी म्हणतं टीसीएलच्या दोन मुठी टाका अन् गप बसा. माझं म्हणणं वेगळं आहे. काय टाकायचं ते नंतर बघू. आडात काय उतरायलंय ते आधी बघा.

सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो बहुतेक गाळात वाढणाऱ्या गंधकाच्या जिवाणूंचा असतो. दोरी-पाइपावर तांबूस बुळबुळीत थर धरला तर लोहाचे जिवाणू. हे दोन्ही तापदायक, पण सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत. खरी भीती संडासाच्या खड्ड्यातून अन् नालीतून झिरपणाऱ्या घाणीची. कॉलरा-टायफॉइडच्या जंतूंना वास नसतो. म्हणून वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं धरून चालू नका.

जून २०२४ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यात मुगाव तांड्यावर विहिरीचं पाणी पिऊन ९३ जण आजारी पडले. तांडा केवढा? १०७ घरं, ४४० माणसं. म्हणजे पाचातला एक माणूस उलट्या-जुलाबानं आडवा. पुढं जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडं जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय गेला तो तिथल्या नांदेड गावाच्या विहिरीवर. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. ते नांदेड वेगळं, पण धडा आपल्यालाही तोच.

आता टीसीएलचं. मूठ हे माप नाही. आडाचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा अन् शेवटी ७८५ नं. आले लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी पावडर. ४ मीटर व्यास अन् ३ मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी आडात सोडून बादलीनं ढवळा, खालचा चुना आडात टाकू नका. रात्री टाकलेलं बरं. निदान एक तास पाणी उपसू नका. मग ओटी टेस्ट करा. क्लोरीन दिसला नाही तर मात्रा कमी पडली. पिशवी उघडी राहिलेली जुनी पावडर असेल तर तिच्यात दम नसतो, हेही लक्षात ठेवा. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. शंका असेल तोवर प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

पण संडासाचा शोषखड्डा आडापासून दहा फुटांवर असेल तर हे सगळं दोन दिवसांचं समाधान. अंतर किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट हवं. लहान प्लॉटात ते बसत नाही, हे मलाही कळतं. आड आधीचा, संडास नंतरचा, अन् बांधताना अंतर कुणी मोजलंच नाही. अशा ठिकाणी त्या आडाचं पाणी वापरायलाच ठेवा, प्यायला नको. बाकी आडांना कठडा, भोवती सिमेंटचा ओटा अन् वर झाकण, एवढं तरी करा.

आता सार्वजनिक गोष्ट. ग्रामपंचायतीच्या पाण्याचं पावसाळ्याआधी अन् नंतर सर्वेक्षण होतं, लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं. परसातल्या आडाला मात्र कुठलंच कार्ड नाही. खासगी आहे, तुमचं तुम्ही बघा! पण नळाला पाणी आलं नाही की अख्खी गल्ली त्याच आडावर येते, अन् साथ आली की ती खासगी राहत नाही.

म्हणून माझी नगर परिषदेकडं मागणी साधी आहे. वापरातल्या आडांची वॉर्डनिहाय यादी करा. वर्षातून दोनदा पाणी तपासा. मोजून टीसीएल द्या. नवीन शोषखड्ड्याचं अंतर जागेवर येऊन बघा. याला कोटींची योजना लागत नाही.

आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार. तुमच्या आडापासून शोषखड्डा किती फुटांवर आहे? आजच मोजा अन् खाली लिहा. यादी आपणच सुरू करू.