जीर्णोद्धार म्हणजे नवीकरण नव्हे

घरांत एखादी जुनी वस्तु सांपडली कीं ती घासूनपुसून लख्ख करण्याची आपणां सर्वांस घाई होते. तांब्यापितळेस तें शोभतें. चामड्यास मात्र मारक ठरतें. दक्षिण आफ्रिकेंतील झुलू लोकांच्या ढाली या बाबतींत मोठ्या बोधप्रद आहेत, म्हणून या महिन्यांत त्यांचाच विषय वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम ओळख. झुलू ढाल लांबट असून दोन्ही टोकांस निमुळती होत जाते. ती गाईबैलांच्या कातड्याची असते व केंस न काढतां दर्शनी बाजूस ठेवितात. मध्यभागीं चिरांच्या दोन उभ्या रांगा पाडून त्यांतून निराळ्या रंगाच्या पट्ट्या ओंवितात. त्यांच्या आधारानें मागील बाजूस एक लांब काठी बसवितात. तीच ढालीचा कणा व तीच मूठ. याउलट पूर्व आफ्रिकेंतील मसाई ढाल रानम्हशीच्या, केंस काढलेल्या कातड्याची असून तिजवर तांबड्या, पांढऱ्या व काळ्या रंगांनीं चिन्हें काढलेलीं असतात. इथिओपियाची ढाल वाटोळी व फुगीर असते.

झुलू ढालीचा रंग केवळ शोभेचा नव्हे. १९ व्या शतकांत राजाच्या पलटणी ढालीच्या रंगावरून ओळखल्या जात. तरुणांस काळसर, तर प्रौढ विवाहितांस पांढऱ्याकडे झुकणाऱ्या ढाली मिळत. ढाल शिपायाची नसून राजाची असे. उंदीर व किडे यांपासून जपण्यासाठीं ती छावणींतील खांबांवर उभारलेल्या कोठारांत ठेवीत. २२ जानेवारी १८७९ रोजीं इसांड्लवाना येथें झुलूंनीं ब्रिटिश फौजेचा पराभव केला. परंतु त्याच वर्षाच्या जुलैंत उलुंडी येथें त्यांचें राज्य पडलें, आणि अनेक ढाली विजयचिन्हें म्हणून विलायतेस गेल्या. पुढें प्रवाशांसाठीं लहान ढाली होऊं लागल्या. तेव्हां विक्रेत्याच्या चिठ्ठीवर न विसंबतां काठीवर हातानें आलेली चकाकी, चिरांच्या कडांची झीज व मळाची जागा हीं पहावीं. हीच खरी साक्ष, आणि घासपूस करणारा प्रथम हिचाच नाश करितो.

आतां दुरुस्ती. हें कातडें कमावलेलें नसतें. पाणी लागलें तर तें फुगतें व वाळतांना वांकडें होतें; ओलें असतां उष्णता लागली तर असें आखडतें कीं पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. तेलानें तें काळवंडतें आणि धूळ धरतें. धूळ मऊ कुंचल्यानें, केंसांच्या दिशेनेंच काढावी. हातमोजे घालावे, कारण पूर्वी संग्राहक अशा वस्तूंस सोमलासारखीं विषें लावीत. कीड असल्यास ढाल प्लास्टिकच्या पिशवींत बंद करून उणें २० अंश सेल्सिअस थंडींत सुमारें दोन आठवडे ठेवितात, व पूर्ववत् उष्ण झाल्यावरच पिशवी उघडितात. फाटलेल्या जागीं मागून जपानी कागद व गव्हाच्या सत्त्वाची खळ लावितात. ही डागडुजी पुढें कोणासही काढतां येते. वांकलेली ढाल सरळ करण्याचें काम मात्र जाणत्या तज्ज्ञाकडेच सोंपवावें.

आपल्याकडे पोथीचें एखादें अक्षर कसरीनें खाल्लें तर सुज्ञ लेखक तेथें स्वतःचें अक्षर घुसडीत नाहीं. जागा रिकामी ठेवितो. ढालीच्या छिद्राविषयींही हाच न्याय. जीर्णाचा उद्धार करावयाचा, त्याचें जीर्णत्व पुसावयाचें नव्हे. ज्यांच्या घरीं पूर्वजांची गेंड्याच्या कातड्याची ढाल असेल त्यांनीं येत्या खंडेनवमीस तिला तेल चोपडूं नये. फूल पुढें ठेवावें, कोरड्या हवेशीर जागीं सपाट आधारावर ती निजवावी, आणि ती कोणाची, कोठून आली, हें ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्यावें.